दवाखान्याच्या शटरवर लावलेल्या नोटिशीला खुलं उत्तर

प्रति,
आमच्या पुनर्वसन वसाहतीचा कारभार पाहणारं प्राधिकरण,
तसंच मुंबईच्या विकासाच्या फायलींवर ज्यांची सही लागते ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी

विषय : दवाखान्यासाठी राखीव असलेली जागा कंत्राटदाराला देण्याचा निर्णय

महोदय,

गेल्या सोमवारी संध्याकाळी मी शाळेतून परतले तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या बंद शटरसमोर पंधरा-वीस माणसं उभी होती. शटरला सेलोटेपनं दोन कागद चिकटवलेले होते, दोन्ही इंग्रजीत. कुणी मोबाइलवर फोटो काढून मुलाला पाठवत होतं, कुणी घाबरून विचारत होतं की पाणी तोडणार आहेत का. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी माझा हात धरून मला पुढे केलं. म्हणाल्या, "टीचर, तू वाच."

मी मोठ्यानं वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. ही जागा आणि तिच्या शेजारची बालवाडीची खोली, दोन्ही पुढची दोन वर्षं जवळच्या रस्त्याच्या कामासाठी कंत्राटदाराचं साइट ऑफिस आणि सामान ठेवायला देण्यात येत आहे. हरकत असेल तर आठ दिवसांत कार्यालयात लेखी द्यावी. कारण दिलं होतं, विकासकामाची निकड.

त्या कागदांच्या बरोबर वर शटरवर निळ्या रंगातली अक्षरं अजून दिसतात. पहिलं अक्षर गंजानं खाल्लंय, "वाखाना" एवढंच उरलंय. आम्ही राहायला आलो त्या दिवसापासून आजपर्यंत ते शटर एकदाही उघडलेलं नाही. वीस वर्षांहून अधिक काळ झाला. दवाखान्याला डॉक्टर मिळत नाही, निधी नाही, जागा कुठल्या खात्याच्या ताब्यात द्यायची ते ठरत नाही, अशी उत्तरं आम्ही या काळात ऐकली. सिमेंटच्या गोण्या ठेवायच्या म्हटल्यावर मात्र किल्ली सापडली.

म्हणून हे पत्र. तुमच्या कार्यालयात आम्ही आमची हरकत दिली आहे, तिची पोच घेतली आहे. पण हा प्रश्न एका शटरचा नाही, त्यामुळे तो सगळ्यांसमोर मांडते आहे.

आधी मी कोण ते सांगते. मी एका शाळेत आठवी ते दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. माझ्या आजोबांचं गाव पाटण तालुक्यात होतं, कोयनेचं धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. आजोबा मुंबईला आले आणि कुर्ल्याला रेल्वेलगतच्या वस्तीत त्यांनी झोपडं बांधलं. माझे वडील तिथंच वाढले, तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये फिटर झाले. २००४ साली, मी सातवीत असताना, ती वस्ती एका वाहतूक प्रकल्पासाठी हलवली. सर्व्हेवाल्यांनी दारावर रंगानं नंबर टाकला, वडिलांच्या हातात एक पाटी देऊन दारासमोर आमच्या कुटुंबाचा फोटो काढला आणि वर्षाच्या आत आम्ही मानखुर्दच्या बाजूला, महापालिकेच्या एम-पूर्व विभागात, २२५ चौरस फुटांच्या खोलीत आलो.

सरकारदरबारी आजोबांची नोंद "धरणग्रस्त" अशी होती. वडिलांची "प्रकल्पग्रस्त" अशी आहे. आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही "पीएपीच्या बिल्डिंगी" म्हणतो; पीएपी म्हणजे प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन, प्रकल्पग्रस्तच. या शब्दाकडे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त आणि त्याच ओळीत प्रकल्पग्रस्त. पूर आभाळातून येतो, भूकंप जमिनीखालून येतो. प्रकल्प मात्र कुणीतरी टेबलावर बसून ठरवतो. त्याची आखणी होते, त्याला मंजुरी मिळते, त्याची निविदा निघते. माणसांनी ठरवलेल्या गोष्टीनं माणसं ग्रासली जात असतील तर ठरवणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. दुसरा शब्द तुम्ही आम्हाला दिलात तो "लाभार्थी". खोलीची चावी दिली तेव्हाच्या कागदावर वडिलांच्या नावापुढे तो आहे. कुणीतरी देणारा आणि आम्ही घेणारे, असा त्याचा अर्थ होतो. "हक्कदार" हा शब्द आमच्या कुठल्याच कागदावर नाही. मला तो हवा आहे, आणि तो मागायला आधार आहे.

४ डिसेंबर १९८६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं विकासाच्या हक्काचा जाहीरनामा संमत केला. १४६ देशांनी बाजूनं मत दिलं, आठ देश तटस्थ राहिले, विरोधात एकटी अमेरिका होती. भारतानं बाजूनं मत दिलं. त्या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. विकास हा माणसाचा हक्क आहे ही कल्पना त्याच्या आधी, १९७२ मध्ये, सेनेगलचे कायदेपंडित केबा एमबाये यांनी मांडली होती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशांच्या बाजूनं उभा राहिलेला तो विचार होता, आणि आपला देश तेव्हा त्याच रांगेत होता.

जाहीरनाम्याच्या दुसऱ्या कलमात म्हटलंय की विकासाच्या केंद्रस्थानी माणूस आहे. तो त्यात भाग घेणारा आणि त्याचं फळ मिळणारा असायला हवा. धोरण आखणं हा राज्यसंस्थेचा हक्क आहे आणि कर्तव्यही. पण ते धोरण सगळ्या जनतेच्या आणि प्रत्येक व्यक्तीच्या भल्यासाठी असलं पाहिजे आणि लोकांच्या सक्रिय, मोकळ्या आणि अर्थपूर्ण सहभागावर उभं राहिलं पाहिजे. तिसरं कलम सांगतं की त्यासाठी लागणारी परिस्थिती निर्माण करण्याची मूळ जबाबदारी राज्यसंस्थेची. आठव्या कलमात ती जबाबदारी नावानिशी येते: शिक्षण, आरोग्यसेवा, अन्न, घर, रोजगार, आणि उत्पन्नाचं न्याय्य वाटप.

घर आणि आरोग्यसेवा एकाच वाक्यात आहेत, हे कृपया लक्षात घ्या. आम्हाला घर दिलंत आणि दवाखान्याला कुलूप घातलंत.

मला माहीत आहे की हा जाहीरनामा आहे, करार नव्हे, आणि तो घेऊन कोर्टात गेलं तर वकील काय सांगतील तेही माहीत आहे. पण आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९७९ मध्ये स्वीकारला, तो करारच आहे. आणि आपली राज्यघटना तर त्याही आधीची. कलम ४७ म्हणतं की सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे. कलम ३८ मधलं दुसरं पोटकलम मी दरवर्षी वर्गात दोनदा वाचून घेते: फक्त व्यक्तीव्यक्तींमधली नाही, तर वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या लोकसमूहांमधलीही विषमता दूर करण्याचा राज्यानं प्रयत्न करावा. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत एम-पूर्व तळाला होता. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासून याच विभागात आहे. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हा आमच्या मुलांनी ओल्या रुमालानं नाक झाकून शाळा गाठली. वेगवेगळ्या भागांत राहणारे लोक म्हणजे कोण, हे माझ्या वर्गाला समजावून सांगावं लागत नाही.

याच मुंबईतून देशाला एक मोठा निवाडा मिळाला. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवरची माणसं उचलून शहराबाहेर पाठवायचं ठरलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की उपजीविकेचं साधन काढून घेणं म्हणजे जगण्याचा हक्क काढून घेणं, आणि तो हक्क कलम २१ मध्ये आहे. घरं हलवायला न्यायालयानं सरसकट बंदी केली नाही, हेही खरं. पण माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला हलवू नये, हे तत्त्व त्यात आहे. मुंबईच्या फुटपाथनं देशाला हे दिलं त्यानंतर सतरा महिन्यांनी तो जाहीरनामा आला.

आता आमच्या तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत. सर्वांत जड आहे ती आधी मांडते.

ती उजेडाची आणि हवेची आहे. आमची खोली पहिल्या मजल्यावर आहे. दोन बिल्डिंगींमध्ये जेमतेम तीन मीटरची फट आहे, आणि वरच्या मजल्यांवरून पडणारा कचरा त्या फटीत साचतो, म्हणून खिडकी बंदच ठेवावी लागते. भर दुपारी बारा वाजता आम्ही ट्यूबलाइट लावतो. मे महिन्यातही भिंतीला हात लावला तर ओल हाताला लागते. समोरच्या घरातला कुकर आमच्याच ओट्यावर असल्यासारखा ऐकू येतो. त्यांच्या घरी कुणी खोकलं की माझी आई इकडे दचकते, कारण त्या खोकल्याचा अर्थ तिला कळतो.

बारावीत असताना मला क्षय झाला. कुर्ल्याला असताना आमच्या घरात तो कुणालाच झाला नव्हता. सहा महिने उपचार चालले. तेव्हा गोळ्या घरी देत नसत. एक दिवसाआड केंद्रावर जाऊन, कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गिळायच्या. केंद्र दोन बस बदलून होतं. सकाळी उपाशीपोटी मूठभर गोळ्या घेतल्या की परतीच्या बसमध्ये पोटात ढवळायचं, आणि एकदा मी खिडकीतून ओकले तेव्हा कंडक्टरनं मला खाली उतरवलं. लघवी लाल व्हायची. ते औषधानं होतं हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी मी आणि आई दोघी रडलो. वर्गात मागच्या बाकावर एकटी बसायचे. आई माझ्याबरोबर यायची, म्हणून तिची सकाळ जायची. आणि प्रत्येक वेळी घरातून निघताना आणि परतताना आम्ही याच शटरसमोरून जात होतो. तेव्हा त्याच्यावरचं "द" शाबूत होतं.

मी बरी झाले, नोकरीला लागले. माझ्या मजल्यावरचा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मुलगा बरा झाला नाही. त्याचं औषध मध्येच सुटलं, कारण त्याचा बाप रोजंदारीवर होता आणि एक दिवसाआड खाडा करणं त्याला परवडत नव्हतं. तळमजल्यावर दवाखाना असता तर तो मुलगा जिना उतरून गोळी घेऊन परत वर गेला असता.

गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी अभ्यास केले आहेत. दाटीनं उभ्या केलेल्या इमारती, खालच्या मजल्यांवर न पोचणारं ऊन, न खेळणारी हवा आणि क्षय यांचा संबंध त्यांनी दाखवून दिला आहे. ते निष्कर्ष छापून आले, त्यांच्या बातम्या झाल्या. म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं असं आता म्हणता येणार नाही. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेचे नियम सैल करण्यात आले, त्यामुळे त्या इतक्या खेटून उभ्या राहिल्या. विकत घ्यायच्या इमारतीला एवढी कमी जागा सोडून बांधायची कुणी हिंमत केली नसती. आमची फुप्फुसं वेगळ्या नियमानं चालत नाहीत.

दुसरी तक्रार रोजगाराची. कुर्ल्याला माझी आई बावीस डबे करायची. आजूबाजूच्या वर्कशॉपमधले, गॅरेजमधले कामगार तिचे गिऱ्हाईक होते. सकाळी साडेअकराला डबे भरून तयार असायचे आणि दोन पोरं ते चालत पोचवायची. इथं आल्यावर एकही डबा उरला नाही. सुरुवातीचे दोन महिने तिनं मानखुर्दहून लोकलनं डबे न्यायचा प्रयत्न केला. आमटी सांडायची, वेळ गाठता यायची नाही, शेवटी तिनं हात टेकले. सर्व्हेच्या फॉर्मवर घराची लांबी-रुंदी विचारली होती, बावीस डब्यांसाठी रकानाच नव्हता. ज्या निवाड्यात उपजीविकेला जगण्याचा हक्क म्हटलं तो देऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

ही एका आईची गोष्ट आहे असं कुणी म्हणू नये. त्याच काळात मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात सुमारे १ लाख २० हजार माणसं हलवली गेली. त्यांतल्या काहींनी कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. कुर्ल्याचे दुकानदार त्यात पुढे होते. मंडळानं चौकशी केली, पुनर्वसनात आणि विशेषतः गेलेलं उत्पन्न परत उभं करण्याच्या कामात गंभीर उणिवा दाखवल्या, आणि मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्त्यांच्या आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने रोखून धरले. आपल्या माणसांचं गाऱ्हाणं वॉशिंग्टनला जाऊन मांडावं लागलं आणि तिथं ऐकलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. ते इथंच ऐकलं जायला हवं होतं.

लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांवर मी फार लिहीत नाही, त्यांचे अर्ज तुमच्याकडे गठ्ठ्यानं आहेत. एकच सांगते. सहाव्या मजल्यावरच्या आजींना अर्धांगाचा झटका आला त्या रात्री लिफ्ट बंद होती. चार मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, साडीनं बांधून खाली आणलं, आणि चौथ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा पाय मोडला. देखभालीसाठी प्रत्येक घरामागे ठेव ठेवली जाईल आणि तिच्या व्याजातून हा खर्च भागेल, असं आम्हाला चावी देताना सांगितलं होतं. त्या ठेवीचा हिशेब आम्ही तीनदा मागितला. तो मिळालेला नाही.

आणि शेवटची तक्रार, जी या नोटिशीत उघड दिसते: आम्हाला कुणी विचारत नाही. ज्या वसाहतीत बहुतेक घरांत मराठी किंवा हिंदी बोलतात, तिथं इंग्रजीत कागद लावला जातो. मुदत आठ दिवस, आणि हरकत द्यायची ती कार्यालयीन वेळेत, म्हणजे रोजंदारी बुडवून. याला सहभाग म्हणत नाहीत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं शहरातल्या माणसाला प्रभाग समितीची वाट दाखवली. पण ७ मार्च २०२२ ला महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात आम्ही कुणाचं दार ठोठवायचं होतं? २०२५-२६ साठी या शहराच्या महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता, आणि तो सभागृहात एकाही नगरसेवकानं तपासलेला नव्हता. दहावीच्या मुलांना स्थानिक स्वराज्य संस्था शिकवताना माझी जीभ अडखळायची.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं कबूल करते, कारण न बोलता ठेवली तर हे पत्र अर्धवट राहील. ज्या कामासाठी आम्ही हललो त्या कामाचा मला उपयोग होतो. पूर्वी जिथं तास-दीड तास लागायचा तिथं मी आता अर्ध्या वेळात पोचते. रस्ते व्हायला हवेत, लोकल वाढायला हव्यात, आणि आज जे काम समोर चाललंय तेही व्हावं. आम्ही विकासाच्या आड आलेलो नाही. आजोबांनी गाव दिलं, वडिलांनी घर दिलं. "विकासाच्या आड येऊ नका" हे वाक्य तुमच्या एका अधिकाऱ्यांनी मागच्या बैठकीत माझ्या आईला ऐकवलं. ती सत्तरीला टेकली आहे आणि तिनं उत्तर दिलं नाही, घरी येऊन नुसती बसून राहिली. तिच्या वतीनं मी सांगते की तिच्यापेक्षा जास्त किंमत या शहराच्या विकासासाठी त्या बैठकीत बसलेल्या कुणीही मोजलेली नाही.

१९९३ मध्ये व्हिएन्नाला मानवी हक्कांची जागतिक परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यात विकासाचा हक्क हा सगळ्यांसाठी आणि कुणालाही हिरावून घेता न येणारा हक्क आहे, असं पुन्हा एकदा मान्य झालं. आणि त्याच ठिकाणी लिहिलं गेलं की विकास कमी पडतोय हे कारण दाखवून माणसांच्या मान्य झालेल्या हक्कांवर गदा आणता येणार नाही. निकडीचं कारण देऊन दवाखान्याची जागा काढून घेणं याच प्रकारात बसतं.

पैसे नाहीत, हे उत्तर येईल. त्यावर मला याच राज्याचा इतिहास सांगायचा आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि ते देणं सरकारवर बंधनकारक. पैसा कुठून आला? पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, तो आजही माझ्या पगाराच्या चिठ्ठीत दिसतो. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून बीडच्या मजुराला काम मिळालं आणि त्याबद्दल कुणी रस्त्यावर उतरलं नाही. पुढे साऱ्या देशानं तसा कायदा केला. धरणांनी उठवलेल्या लोकांनी "आधी पुनर्वसन, मग धरण" असं म्हणत याच राज्यात लढे दिले, आणि १९७६ मध्ये पुनर्वसनाचा कायदा करणारं राज्यही महाराष्ट्रच. ज्या सरकारांनी "हमी" हा शब्द कायद्याच्या नावात लिहिला, त्यांच्याच वारसांकडे मी एका दवाखान्याची मागणी करते आहे. त्यासाठी जागा विकत घ्यायची नाही, बांधायची नाही. ती बांधून तयार आहे, तिला शटर आहे, नळाची जोडणी आहे.

मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

नोटीस मागे घ्यावी. कंत्राटदाराच्या साइट ऑफिससाठी वसाहतीच्या मागच्या बाजूला तुमच्याच ताब्यातली मोकळी जागा आहे. तिथं कंटेनर ठेवता येतो.

दवाखान्याची जागा तीन महिन्यांच्या आत आरोग्य खात्याकडे द्यावी आणि ताबा कोणी, कोणत्या तारखेला घेतला ते आम्हाला लेखी कळवावं. रोज किमान काही तास डॉक्टर, एक परिचारिका, थुंकी तपासणीचे नमुने घेण्याची सोय आणि क्षयाची औषधं, एवढं सुरुवातीला पुरे आहे. संध्याकाळची वेळ ठेवावी, कारण दिवसा इथली माणसं कामावर असतात. बालवाडीची खोली बालवाडीलाच राहावी.

खालच्या तीन मजल्यांवरच्या घरांची हवा-उजेडाची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी आणि अहवाल मराठीत नोटीस बोर्डावर लावावा. ज्या घरांत माणूस राहू नये असं निघेल त्या कुटुंबांना याच विभागात दुसरी जागा द्यावी. यापुढे पुनर्वसनाची एकही इमारत इतक्या खेटून बांधू नये. सध्या ज्या वस्त्यांच्या दारांवर नंबर टाकणं चालू आहे, त्यांचे नकाशे मंजूर करण्याआधी आमच्या बिल्डिंगीत येऊन दुपारी बारा वाजता तासभर थांबावं.

देखभालीच्या ठेवीचा, पहिल्या दिवसापासूनचा, हिशेब द्यावा.

सर्व्हेच्या फॉर्मात घराबरोबर कामाची नोंद व्हावी. डबे करणारी, फळ्या लावून भाजी विकणारी, घरी शिवण घेणारी, चार घरी पोळ्या लाटणारी बाई ही कमावणारी म्हणून मोजली जावी आणि तिचं काम नव्या जागी कसं उभं राहील हे घर पाडण्याच्या आधी ठरावं.

इथून पुढे वसाहतीच्या कुठल्याही जागेबद्दलचा निर्णय मराठीत लावलेली नोटीस, किमान एक महिन्याची मुदत आणि सुटीच्या दिवशी घेतलेली सभा याशिवाय होऊ नये. सभेत बायकांचं म्हणणं इतिवृत्तात नावानिशी यावं.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता त्याच शटरसमोर आम्ही सभा ठेवली आहे. नोटिशीचा मराठी अनुवाद मी हातानं लिहून तिच्या शेजारी लावला आहे. तुमचे कागद काढलेले नाहीत. तुमच्यापैकी कुणी यावं ही विनंती. येताना किल्ली आणावी, आत काय अवस्था आहे ते तुम्हाला आणि आम्हाला एकत्रच पाहता येईल. आई सगळ्यांसाठी चहा करणार आहे.

आपली,
वसाहतीतली एक रहिवासी आणि शिक्षिका
मानखुर्द, मुंबई